दाढीनंतर चेहरा पेटलाय, काय लावू?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय सत्तावीस. शनिवारी मुलाखतीला उशीर होत होता म्हणून घाईघाईत दाढी केली. आठवडाभराची वाढलेली होती. फोम संपला होता, म्हणून अंगाचा साबण फासला. माझं रेझर सापडेना, तेव्हा भावाचं घेतलं. गळ्यावर खुंट राहतात म्हणून तिथे उलटा हात दोन-तीनदा मारला. आफ्टरशेव्ह लावलं तर डोळ्यांतून पाणीच आलं. आग थांबेना म्हणून तुरटी फिरवली, रात्री कुणी तरी सांगितलं म्हणून लिंबू चोळलं आणि रविवारी टूथपेस्ट लावून पाहिली. आता गालांवर लाल चट्टे आहेत, गळ्यावर बारीक पुळ्या उठल्यात आणि कॉलर घासली की जीव जातो. नोकरी मिळाली आहे, परवा रुजू व्हायचंय आणि तिथे रोज गुळगुळीत दाढी लागते. भावाला नायट्यासाठी दिलेलं एक क्रीम घरात आहे, ते लावू का? परवापर्यंत चेहरा ठीक होईल असं काही तरी सांगा.

उत्तर : नोकरीबद्दल अभिनंदन. ती बातमी तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकलीत, पण गाल पेटलेले असताना दुसरं काही सुचत नाही हे मी समजू शकते. परवाची घाई होती म्हणून चार ओळींचं उत्तर तुम्हाला लगेच पाठवलं होतं. इथे सविस्तर लिहितेय, कारण थोड्याफार फरकानं हेच पत्र मला बारा महिने येत असतं.

भावाचं क्रीम लावू नका. ते का, हे पुढे सांगते. आधी तुम्ही स्वतःच दिलेली यादी बघा. रेझरनं इजा झाली एकदाच. त्यानंतर दोन दिवसांत त्याच जागेवर आफ्टरशेव्ह, तुरटी, लिंबू आणि टूथपेस्ट असे चार मारे झाले. माझ्या मते दाढीनं जेवढं बिघडवलं त्याहून जास्त या उपचारांनी बिघडवलंय. नुसतं गार पाणी मारून स्वस्थ बसला असतात, तर सोमवारी पत्र लिहायची वेळ बहुधा आली नसती. त्यामुळे काय लावू असं तुम्ही विचारलंय खरं, पण काय लावायचं थांबवायचं यावरच मला जास्त बोलावं लागणार आहे.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर चपट्या, मेलेल्या पेशींचा असतो. जाडी जेमतेम एक-दोन शतांश मिलिमीटर. पेशी एकमेकींवर रचलेल्या आणि मधल्या फटींत स्निग्ध द्रव्य भरलेलं. एवढ्याशा पापुद्र्याच्या जिवावर अंगातलं पाणी आत राहतं आणि जंतू, साबण, धूळ बाहेर राहतात. कितीही सफाईनं दाढी केली तरी केसांबरोबर या थराचा थोडा अंश निघतोच. फेस दाट, पातं धारदार आणि हात हलका असेल तर तो इतका थोडा असतो की जाणवतही नाही. तुमच्याकडे या तिन्हींतलं एकही नव्हतं. शिवाय साबण अल्कधर्मी असतो, त्याचा सामू साधारण ९ ते १०. त्वचेचा सामू ५च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल. साबणानं ते स्निग्ध द्रव्य धुऊन नेलं आणि कोरड्या पडलेल्या त्वचेवर पातं फिरलं. जिथे जिथे थर निघून गेला तिथे खालची जिवंत त्वचा उघडी पडली. तिथे मज्जातंतूंची टोकं आहेत म्हणून चुरचुरतं, आणि दुरुस्तीसाठी रक्तवाहिन्या फुगल्यात म्हणून लाल दिसतं. हा संसर्ग नव्हे. ही खरवड आहे, आणि गुडघा खरचटल्यावर त्यावर लिंबू कुणी पिळत नाही.

आता एकेक गोष्ट घेऊ.

आफ्टरशेव्हनं डोळ्यांत पाणी का आलं, याचं शास्त्रीय कारण मोठं गमतीचं आहे. उष्णता ओळखणारी काही प्रथिनं त्वचेतल्या मज्जातंतूंवर असतात. तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की ती ‘भाजतंय’ असा निरोप मेंदूला धाडतात. अल्कोहोल लागलं की हीच प्रथिनं ३४ अंशांच्या आसपासच बोंब मारू लागतात, आणि चेहऱ्याच्या त्वचेचं एरवीचं तापमान साधारण तेवढंच असतं. म्हणजे तुम्हाला तुमच्याच अंगाच्या उबेनं भाजल्यासारखं झालं. त्यात मेन्थॉल असेल तर ते शेजारच्या, गारवा ओळखणाऱ्या प्रथिनांना डिवचतं. गार वाटतं, पण त्वचा मेन्थॉलमुळे थंड झालेली नसते. अल्कोहोल जंतू मारतं हे कबूल. पण तुमच्या गालांचं दुखणं जंतूंमुळे नाहीच, मग ते मारून मिळवलंत काय? वर त्यातला सुगंध. धड त्वचेवर जो सुगंध वर्षानुवर्षं चालतो, तोच सोललेल्या त्वचेतून आत शिरला की कायमची ॲलर्जी जडू शकते.

तुरटीशी माझं वैर नाही. पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं हे सल्फेट प्रथिनं गोठवतं, बारीक रक्तवाहिन्या आकसवतं आणि कापलेल्या जागेचं रक्त थांबवतं. एखाद्या टिंबावर ओला खडा क्षणभर टेकवा, खुशाल. पण सगळ्या तोंडावर फिरवला की हाच गुण उलटतो. त्वचा आणखी कोरडी होते, ताणली जाते, तडकते. शिवाय घरात खडा बहुधा एकच असतो आणि तो सगळ्यांच्या कापलेल्या जागांवरून फिरतो. ही गोष्ट मला तुरटीपेक्षाही खटकते.

लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३, म्हणजे जखमेवर चक्क आम्ल. त्याहून वाईट म्हणजे लिंबात, सालीत विशेष, अशी द्रव्यं असतात जी ऊन लागताच त्वचा भाजून काढतात. तिथे उठलेले काळपट डाग कित्येक आठवडे, कधी महिने जात नाहीत. तुम्ही रात्री लावलंत हे नशीब. सकाळी चेहरा नीट धुतला असेल तर काळजी नको, पण हा प्रयोग पुन्हा नको. टूथपेस्टमध्ये दात घासायला खरखरीत पूड असते, पुदिन्याचा अर्क असतो आणि बहुतेक वेळा सोडियम लॉरिल सल्फेट हे फेस आणणारं द्रव्य असतं. प्रयोगशाळेत मुद्दाम त्वचेचा दाह घडवून आणायचा असतो तेव्हा संशोधक नेमकं हेच द्रव्य वापरतात. यापुढे मी काय बोलू?

आणि ते नायट्याचं क्रीम. नायट्यासाठी म्हणून घरात पडलेल्या अशा ट्यूब मी रोज बघते. त्यांतल्या पुष्कळशा ट्यूबमध्ये बुरशीनाशकाच्या जोडीला तीव्र स्टेरॉइड असतं. क्लोबेटासोल, बीटामेथासोन असली नावं मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सापडतील. लावलं की दोन दिवसांत लाली गायब, आग बंद. इतकं छान वाटतं की माणूस ते सोडत नाही. चेहऱ्याची त्वचा पातळ, औषध भरपूर शोषणारी. काही आठवड्यांत ती आणखी पातळ होते, लाल शिरांचं जाळं दिसू लागतं, पुळ्या येतात. आणि बंद केलं की चेहरा पूर्वीपेक्षा लालबुंद होतो, म्हणून परत लावलं जातं. या चक्रातून माणसाला बाहेर काढायला मला महिने लागतात. दाढीच्या चुरचुरीला आठवडाही लागत नाही.

मग लावायचं काय? फारच थोडं.

मऊ, धुतलेलं सुती कापड गार पाण्यात बुडवा, पिळा आणि गालांवर, गळ्यावर नुसतं ठेवा. पाच-दहा मिनिटं पुरेत. दिवसातून तीन-चारदा करा. पाणी गार हवं, बर्फगार नको, आणि बर्फाचा खडा थेट तर नकोच, कारण उघड्या त्वचेला बर्फही इजा करतो. कापड घासू नका, दाबू नका. फुगलेल्या रक्तवाहिन्या गारव्यानं आकसतात, आग कमी होते, आणि याचा दुष्परिणाम शून्य.

दोन-तीन दिवस चेहरा धुवायला फक्त पाणी. नंतरही अंगाचा साबण गालांना नको, बिनवासाचा सौम्य क्लीन्झर चालेल. टॉवेलनं खसाखसा न पुसता टिपा, आणि चेहरा जरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. महागच हवं असं काही नाही. घटकांच्या यादीत ग्लिसरीन, सेरामाइड, पॅन्थेनॉल, डायमेथिकोन यांपैकी एक-दोन असावेत आणि ‘फ्रेग्रन्स’ नसावा. युरिया, लॅक्टिक, ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक ॲसिड, रेटिनॉल, व्हिटॅमिन सी असं काही यादीत दिसलं तर ती बाटली सध्या कपाटात ठेवा. यांतली काही द्रव्यं चांगली आहेत, पण आजची वेळ त्यांची नाही. क्रीम आधी कानाखाली जबड्याच्या कडेला थोडंसं लावून बघा. क्षणभर झोंबून शांत झालं तर हरकत नाही, मिनिटभरानंतरही झोंबतच राहिलं तर धुऊन टाका.

जिथे सालटंच निघालंय आणि किंचित लस येतेय तिथे साधी पेट्रोलियम जेली पातळ पसरा. दिसायला ओशट, वासाला काहीच नाही, जाहिरातीत मिरवण्यासारखी मुळीच नाही, पण उघड्या जागेवर तात्पुरतं झाकण म्हणून तिला तोड नाही. गळ्यावरच्या पुळ्यांवर मात्र तिचे थर चढवू नका. कोरफडीबद्दल सगळेच विचारतात. आतला स्वच्छ पारदर्शक गर गारवा देतो, पण पान कापल्यावर जो पिवळा चीक येतो तो त्वचेला त्रास देतो, तो पूर्ण निथळून, धुऊन मगच गर घ्यायचा. बाजारातलं हिरवंगार ‘जेल’ घेणार असाल तर घटक वाचा, त्यात बऱ्याचदा अल्कोहोल, रंग आणि सुगंध असतो. म्हणजे आफ्टरशेव्हच, फक्त हिरवं.

आग खरोखरच सहन होत नसेल तर १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड चालतं, तेही डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्या फार्मासिस्टना विचारून. दिवसातून एकदा-दोनदा, दिसेल न दिसेल इतकं पातळ, जास्तीत जास्त तीन दिवस. डोळ्यांजवळ नाही, पू असलेल्या पुळीवर नाही. जंतुनाशक द्रावणानं चेहरा धुऊ नका, आणि ‘जपून असावं’ म्हणून प्रतिजैविकाचं मलमही लावू नका. अशा मलमांत नेहमी असणारं निओमायसिन हे स्वतःच ॲलर्जीचं एक ठरलेलं कारण आहे.

एवढं केलंत तर चुरचुर साधारण दिवसभरात उतरते, लाली दोन-तीन दिवसांत. तो वरचा थर पुन्हा विणून निघायलाही जवळजवळ तीन दिवस लागतात, अर्थात मध्ये कुणी ढवळाढवळ केली नाही तर. या दिवसांत उन्हात जाणं टाळा, जावंच लागलं तर टोपी घाला. सावळ्या त्वचेवर दाहानंतर काळे डाग राहतात आणि ऊन ते आणखी गडद करतं. त्वचा मिटली, झोंबणं थांबलं की झिंक ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन सुरू करा. घाम आला की लगेच पाण्यानं धुवा, घामातलं मीठ चावतं. कॉलरचं वरचं बटण उघडं ठेवा. उशीचा अभ्रा बदला. खाजवू नका, हे सांगायला सोपं आहे हे मला माहीत आहे, तरीही.

आता परवाचं. परवा ब्लेडनं दाढी करायची नाही. थर भरत आला असेल नसेल तोच पुन्हा खरवडलात तर आता चार दिवसांत संपणारं दुखणं महिनाभर रेंगाळेल. त्याऐवजी ट्रिमर घ्या, त्याला एक मिलिमीटरचं टोपण लावा, त्वचेवर न दाबता फिरवा, कल्ल्यांची आणि गळ्याची रेघ सरळ काढा. हातभर अंतरावरून माणूस नीटनेटका दिसतो. कुणी हटकलंच तर त्वचेला इजा झाली आहे, आठवडाभर ब्लेड बंद आहे असं सरळ सांगा, लागलं तर डॉक्टरांची चिठ्ठी द्या. पहिल्याच दिवशी सवलत मागायला अवघड वाटेल, पण लाल, फोडाळलेला चेहरा घेऊन बसण्यापेक्षा ते बरं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात, पण मी तिथेच थबकले. रेझर भावाचं होतं आणि भावाला नायटा आहे. रेझरनं, टॉवेलनं, वापरलेल्या कपड्यांनी नायट्याची बुरशी एकाची दुसऱ्याला लागू शकते, आणि खरवडलेली त्वचा तिला दार उघडूनच देते. लागलीच असेल तर ती साधारण आठवडा-दोन आठवड्यांत डोकं वर काढते. तोवर आरशात लक्ष ठेवा. बहुधा एकाच बाजूला, खाजणारा, कडेला खवले असलेला गोल चट्टा हळूहळू पसरतो, आणि दाढीत असला तर तिथले केस हलकेच ओढले तरी हातात येतात. असं दिसलं तर स्वतः काही न लावता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. भावाचं ते मिश्र क्रीम लावलं असतंत तर स्टेरॉइडनं चट्ट्याची लाली दाबली असती, आत बुरशी पसरत राहिली असती आणि नंतर बघणाऱ्या डॉक्टरलाही चटकन ओळखू आली नसती.

दुसरी बाब रक्ताची. कापणाऱ्या पात्यावर दिसणार नाही इतकं रक्त राहतं. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो, आणि हिपॅटायटिस सीसुद्धा असा पसरू शकतो. घाबरवायचं म्हणून सांगत नाही. भावाला विचारा, दोघांचं हिपॅटायटिस बीचं लसीकरण झालंय का ते बघा, शंका असेल तर लगेच डॉक्टरांशी बोला. ते पातं टाकून द्या. रेझर आणि टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, घर कितीही प्रेमाचं असो.

पुढची दाढी कधी? तळहात गालावरून दोन्ही दिशांनी फिरवला आणि कुठेच चुरचुरलं नाही, लाली दिसली नाही, मग. आणि ती करताना एक गोष्ट मनातून काढून टाका : उलटा हात फिरवला तरी काहीच हाताला लागता कामा नये, हा हट्ट. गळ्याची वाट लागते ती बहुतेक वेळा याच हट्टापायी.

अंघोळीनंतर दाढी करा, ते जमत नसेल तर दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याचं ओलं कापड चेहऱ्यावर धरा. केस पाणी शोषतो, फुगतो, नरम होतो आणि कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. फेस लावल्यावर लगेच पातं न फिरवता मिनिटभर थांबा. तोवर बोटांनी गळा चाचपा. गालांवर केस बहुतेकांचे खाली वळलेले असतात, पण गळ्यावर त्यांचा काही नेम नसतो. कुणाचे वरच्या दिशेनं, कुणाचे आडवे, कंठमण्याच्या दोन्ही अंगांना चक्क भोवऱ्यासारखे. ज्या दिशेनं बोट फिरवताना गुळगुळीत लागतं, ती सुलट दिशा. ती जागेजागी वेगळी असेल तर पातंही तसंच फिरवायचं. वरून खाली सुलट आणि खालून वर उलट, हा सरसकट समज गळ्याला लागू पडत नाही.

हात छोटा, दाब नाही, रेझरच्या वजनानं जेवढं कापलं जाईल तेवढंच. त्वचा ताणून धरू नका. ताणलेल्या त्वचेवर केस जास्त खोल कापला जातो आणि त्वचा सोडली की त्याचं टोक आत बुडतं. प्रत्येक फटक्यानंतर पातं धुवा. कुठे राहिलंच तर तिथे पुन्हा फेस लावून मगच दुसरा हात.

एकाहून जास्त पात्यांच्या रेझरबद्दल थोडं. १९७१ साली जिलेटनं ट्रॅक टू हे दुहेरी पात्याचं रेझर आणलं, पुढे तीन झाली, पाच झाली. कल्पना अशी की पुढचं पातं केसाला जरा बाहेर ओढतं, तो मागे सरकायच्या आत मागचं पातं त्याला कापतं. त्यामुळे कापलेलं टोक त्वचेच्या पातळीखाली जातं आणि गाल तुकतुकीत लागतात. सरळ केसांना हे मानवतं. केस कुरळे किंवा राठ असतील, किंवा गळ्यावर नेहमी पुळ्या येत असतील, तर हीच करामत अंगाशी येते. शिवाय पाच पाती म्हणजे एका फटक्यात त्या जागेवरून पाच वेळा धार गेली. तुमच्यासारख्याला मी एक पात्याचं सेफ्टी रेझर किंवा ट्रिमर सुचवेन.

पातं पाच ते सात दाढ्यांनंतर बदला. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नासपट कठीण असतं, तरीही धार जाते, हे कोडंच होतं. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पातं केसावर चालवून पाहिलं. धार नुसती गुळगुळीत झिजत नव्हती, तिचे बारीक टवके उडत होते. केस वाकून पात्याला तिरपा भिडला आणि नेमकी तिथे धारेच्या पोलादाची जडणघडण असमान असली, की टवका निघायचा. नुसत्या डोळ्यांना चकचकीत दिसणाऱ्या जुन्या पात्याची धार जवळून अशी दातेरी असते. रेझर ओल्या न्हाणीघरात न ठेवता कोरड्या जागी ठेवलं तर निदान गंज तरी टळतो. दाढी झाल्यावर गार पाणी मारा, बरं वाटतं. त्यानं रंध्रं ‘बंद’ होतात म्हणतात, पण रंध्रांना उघडझाप करणारं दार नसतं.

उरल्या गळ्यावरच्या पुळ्या. या दोन तऱ्हेच्या असतात आणि भिंगातून पाहिल्या की फरक कळतो. पहिल्या तऱ्हेत पुळी घट्ट, त्वचेच्या रंगाची किंवा लालसर, आणि पातळ त्वचेखाली एक काळी कमान दिसते. तो केस आहे. तिरकं कापलेलं टोकदार टोक घेऊन तो रोज मिलिमीटरचा तिसरा हिस्सा किंवा जरा जास्त वाढतो, वळतो आणि शेजारीच पुन्हा त्वचेत घुसतो. कधी बाहेर न येताच मुळाची भिंत फोडून आत शिरतो. शरीर त्याला काट्यासारखं परकं समजतं आणि सुजतं. असे केस उपटू नका. उपटलेला केस पुन्हा वाढताना आतच अडकण्याची शक्यता जास्त. कमान त्वचेबाहेर स्पष्ट दिसत असेल तर निर्जंतुक सुईच्या टोकानं ती अलगद उचलून मोकळी करा, ओढून काढू नका. दिसत नसेल तर उकरू नका. सगळ्यात गुणकारी उपाय म्हणजे दाढी वाढू देणं. चार-सहा आठवड्यांत बहुतेक केस लांबीच्या ओढीनं आपणच सुटतात. चेहरा पूर्ण शांत झाल्यावर सॅलिसिलिक ॲसिडचं सौम्य क्रीम एकाआड एक दिवस लावता येतं. वारंवार होत असेल तर ॲडापालीन हे पुळ्यांवर लावायचं औषध किंवा लेझर यांचा विचार डॉक्टरांबरोबर करा.

दुसऱ्या तऱ्हेत पुळीच्या टोकाला पांढरा पू आणि मधोमध केस, म्हणजे केसाच्या मुळाशी जंतू शिरलेत. इथे गार नव्हे, कोमट ओलं कापड, दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. चार-दोन पुळ्या असतील तर त्या अशाच बसतात. फोडू नका.

आठवडाभरात उतार पडला नाही, लाली पसरत चालली, जागा गरम आणि ठणकणारी झाली, मधाच्या रंगाच्या खपल्या धरल्या, ताप आला किंवा जबड्याखाली गाठी लागल्या, तर थांबू नका. पाण्यानं भरलेले बारीक फोड घोळक्यानं उठून दुखत असतील तर ती नागीण किंवा ओठांवर येणाऱ्या हर्पिसचा प्रकार असू शकतो, पातं फिरवल्यानं हर्पिस चेहराभर पसरतो. मधुमेह असेल किंवा पूर्वी जखमांचे व्रण जाड, वर उठलेले राहिले असतील, तर मुळात आठवडाभरही वाट पाहू नका. जाताना चेहऱ्याला काही लावू नका आणि आतापर्यंत जे जे लावलंत, त्या सगळ्या ट्यूब आणि बाटल्या एका पिशवीत घालून सोबत न्या. भावाचं क्रीम तर नक्की न्या, आणि जमलं तर भावालाही.